आतला टिळा

गाडीच्या दोन तक्रारी एका दमात सांगितल्या, तर आमचे 'एकेक मिस्त्री' दुसरी ऐकतच नसत. पहिली संपली की चौकातल्या हवालदारासारखा हात वर करत आणि म्हणत, "एकेक." समोरच्याने तरीही रेटून "आणि ब्रेक पण..." असं सुरू केलं, तर ते उठून माठाकडे पाणी प्यायला जात. सावकाश पीत. परत येऊन विचारत, "हं. काय म्हनत होता? पहिलं." सिंदी रेल्वे या आमच्या गावात त्यांना त्यावरूनच एकेक मिस्त्री म्हणत; खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. मला ते त्यांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेवर वाचून कळलं, आणि ते नाव दुसऱ्याच कुणाचं असावं असं वाटलं.

बाजारओळीच्या टोकाला, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला टेकून त्यांचं टिनाचं शेड होतं. त्या भिंतीवर प्रत्येक पान्याला, पेचकसाला स्वतःचा खिळा होता. खराबी शोधायला बसले की आधी सगळी हत्यारं उतरवून गोणपाटावर मांडत. मग एक शंका घ्यायची, ती तपासायची, आणि ती निकालात निघाली की त्या कामाचं हत्यार परत खिळ्यावर. भिंत भरत जायची, गोणपाट रिकामं होत जायचं. "खराबी पळून कुठं जाते?" ते म्हणत. "तिच्या बाकीच्या जागा बंद करत जायच्या. शेवटी सापडतेच बिचारी." दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्या मिस्त्र्यांचा त्यांना मनापासून राग होता. गाडी सुधारली तरी कशानं सुधारली ते कळत नाही, म्हणजे ती सुधारलीच नाही, असा त्यांचा हिशेब होता.

मी त्यांच्याकडे गेले ती बाबांची अ‍ॅम्बेसेडर घेऊन. बाबा सिंदीत कापसाची अडत करायचे. ते गेल्यावर ती गाडी हिंगणीच्या रस्त्यावरच्या माझ्या रोपवाटिकेत, कोकोपीटच्या पोत्यांमागे उभी होती. बाबांची आठवण म्हणून ती चालू करायची वगैरे माझ्या मनात काही नव्हतं. आठवणीला जागा कमी लागते, अ‍ॅम्बेसेडरला फार लागते. एक तर ती भंगारात जाणार होती, नाहीतर कामाला लागणार होती. आणि काम समोर दिसत होतं. हल्ली वर्ध्याच्या बाजूला लग्नात नवरदेवासाठी अशी जुनी, गोल बॉनेटची गाडी मागतात. मिरची-टोमॅटोच्या रोपांचा हंगाम संपतो तेव्हाच लग्नं सुरू होतात. मला ते सोयीचं वाटलं.

टो करून आणलेली गाडी शेडसमोर उभी राहिली आणि मी सुरू झाले. इंजिन जाम आहे, सीटा उंदरांनी खाल्ल्या आहेत, डिकी लागत नाही, डाव्या बाजूचा...

मिस्त्री माठाकडे गेले.

परत आल्यावर मी म्हटलं, "इंजिन."

"आता कशी शहान्यासारखी बोलली," ते म्हणाले. "अडत्याची पोरगी ना तू? तुया बाप बी असाच. सगळा बाजार एकदम सांगाचा."

"मग तुम्ही काय करत होते, काकाजी?"

"पानी पेत होतो."

इंजिन उघडून बसवण्यात सगळा हिवाळा गेला. ब्लॉक बोअरिंगसाठी नागपूरला जाऊन आला. बाकीचं सगळं त्यांनी स्वतः केलं. बाजारात रोपं पोचवून परत येताना मी शेडवर डोकावायची. एका परातीत रॉकेल घेऊन ते एकेक व्हॉल्व्ह धुवत बसलेले असायचे, घरात बाई लेकराला न्हाऊ घालते तसे, तितक्याच दांडगाईने. मी उभी राहिले की न बघता म्हणायचे, "बस. बोलू नको." मी बसायची. मलाही दिवसभर मजूर बायांशी बोलून कंटाळा आलेला असायचा, त्यामुळे आमचं बरं जमलं.

इंजिनावर झाकण चढवण्याआधीचा त्यांचा एक रिवाज होता. हत्यारांच्या पेटीत कुंकवाचा एक लहान करंडा असायचा. सगळे भाग बसवायला तयार झाले की ते हात साबणाने धूत, करंड्यात दोन थेंब पाणी टाकून कुंकू कालवत, आणि इंजिनाच्या आतल्या बाजूला, झाकण बसल्यावर जी जागा कुणालाच दिसणार नाही तिथे, अंगठ्याने टिळा लावत. वर चार अक्षता. गाडी घरी गेली की मालक बॉनेटवर स्वस्तिक काढतो, नारळ फोडतो, ते वेगळं. हा आतला टिळा मिस्त्र्यांचा.

"बाहेरचा टिळा लोकायले दिसते," ते म्हणाले. "आतला फक्त इंजनले."

"इंजिनाले समजते का?"

"तुया वाफ्याले समजते का? तू नारळ फोडतं ना पेरनीले?"

"बाया काम सुरू करत नाईत फोडल्याशिवाय."

"मायं बी तसंच हाय," ते म्हणाले. "मायेच हात सुरू होत नाई."



गाडी चालू केली तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी मी खूश झाले आणि ते झाले नाहीत. पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. मी ती सेलूपर्यंत पळवून आणली. चढ, वळण, ओव्हरटेक, सगळं लोण्यासारखं. परत येऊन शेडसमोर थांबले, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, आणि गाडी हिवतापाच्या माणसासारखी हुडहुडायला लागली. उभ्या गाडीच्या या चालीला गॅरेजात "स्लो" म्हणतात. आमचा स्लो बिघडलेला होता. मिस्त्र्यांनी स्टीलचा पेला पाण्याने भरून इंजिनावर ठेवला. त्यांची ती परीक्षाच होती; चांगल्या इंजिनावर पाणी हलू नये. आमचं पाणी हललं, मग सांडलं, मग पेलाच घसरून खाली पडला आणि इंजिन बंद झालं.

"पळते तर चांगली," मी म्हटलं.

"वरातीत पळवनार हाय का नवरदेवाले?"

तो मुद्दा बरोबर होता. वरातीत गाडी पळत नाही, रांगते. पुढे बँड, त्याच्यापुढे नाचणारे मामे-मावसे, आणि त्यांच्यामागे तास-तास मुंगीच्या पावलाने चालणारी गाडी. स्लो धरत नसेल तर ती दर दहा पावलांवर बंद पडणार, आणि नवरदेव आत बसलेला असताना तिला धक्का मारायला बँडवाले येणार. पिपरी मेघेच्या एका लग्नाला मी हो म्हणून बसले होते.

त्याच रविवारी त्यांचा मुलगा दिनेश आला. बुटीबोरीला कंपनीत सुपरवायझर होता, राहायला नागपूरला. दर रविवारी बापाच्या डोळ्यांत घालायची औषधाची बाटली घेऊन यायचा. मिस्त्र्यांना काचबिंदू होता. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून मोकळे झाले असते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली फक्त सांभाळायची असते. त्यांना समोरचं नीट दिसायचं, कडेचं गेलं होतं. शेजारी ठेवलेला ऑइलचा डबा लाथेने उलटायचा, बाजूने येणाऱ्या माणसावर आदळायचे आणि त्यालाच म्हणायचे, "पाहून चाल ना बाबू." तापलेल्या सायलेन्सरने मनगट भाजलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

दिनेश आरडाओरडा करणारा मुलगा नव्हता. बापाची मान मागे धरून त्याने थेंब घातले आणि म्हणाला, "बाबा, आता पुरे करा. बाजूचं दिसत नाही तुम्हाले."

"इंजन समोर राह्यते. बाजूले नाई राह्यत."

"मग हे काऊन थरथरून राह्यलं? असं कधी झालं होतं का?"

मिस्त्री डोळे मिटून बसले होते. औषध गालावरून खाली आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं. म्हणाले, "ठीक. ही गाडी वरातीत एकदा जरी बंद पडली, तर शेडची किल्ली तुले देतो. मंग नेजो मले नागपूरले आन बसवजो टीव्हीसमोर. पन बंद नाई पडली, तर हा विषय पुन्हा काढाचा नाई."

"ताई, तुम्ही साक्षीला आहात," दिनेश मला म्हणाला.

"मी गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं. "मले गाडी पाहिजे." पण साक्षीदार मी झालेच होते. आता त्या इंजिनाच्या थरथरण्यात माझं एक लग्न होतं आणि त्यांचं सगळं दुकान.

सोमवारी सकाळी सगळी हत्यारं खाली उतरली. प्लग नवे टाकले. इंजिन थरथरलं. प्लगचा पाना भिंतीवर. पॉइंटची फट मोजली, कंडेन्सर बदलून पाहिला. थरथर तशीच. टायमिंग पाहिलं. टॅपेट गरम इंजिनावर एकेक करून परत लावले. बोटं भाजत होती आणि ते टॅपेटला आईबहिणीवरून बोलत होते, मग माझ्याकडे बघून, "तू आयकू नको" म्हणत होते. कार्बोरेटर उघडून त्याची सुईएवढी छिद्रं तोंडाने फुंकून साफ केली. मॅनिफोल्डच्या सांध्यावर तेल सोडून पाहिलं. मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल इंजिनात नेणारा फाटे फुटलेला लोखंडी नळ. तो जिथे इंजिनाला चिकटतो तिथून बाहेरची हवा शिरली तर स्लो बिघडतो. तेल वरच्या कडेने ओघळून गेलं, इंजिनात काही फरक पडला नाही. तोही पाना भिंतीवर. प्रत्येक बदलानंतर पेला ठेवायचा, पाणी बघायचं, पेला उचलायचा. चिडचिड नाही, घाई नाही. मी इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून "जाऊ दे" हे दोन शब्द ऐकले नाहीत. लोक यायचे, डोकावून म्हणायचे, "मिस्त्री, अजून गोंधळ चालूच का?" ते म्हणायचे, "हो. येता का नाचाले?"

लग्न चार-पाच दिवसांवर आलं आणि एका दुपारी मी शेडवर गेले तर गोणपाट रिकामं होतं. सगळी हत्यारं भिंतीवर होती आणि इंजिन थरथरतच होतं. मिस्त्री त्या भिंतीसमोर उभे होते. एवढी भरलेली भिंत मी पहिल्यांदा पाहिली आणि ती मला अजिबात आवडली नाही.

"नागपूरले नेऊ का?" मी विचारलं.

"ने ना. गाडी तुई हाय." मग त्यांनी भिंतीवरचा पहिला पाना काढून परत गोणपाटावर ठेवला. "पन बांधलं मी हाय. मी पुन्हा पहिल्यापासून पाहीन."

"तेच पुन्हा?"

"तेच."

मला राग आला. रोपं मरायला लागली की मी आधी बियाण्याला किंवा खताला दोष देत नाही; पाणी मी स्वतः दिलं असेल तर आधी ते पाणी तपासते. स्वतःच्या हाताने केलेल्या कामावर आपण सगळ्यात कमी शंका घेतो, हे मी पुष्कळ ट्रे फेकून शिकले आहे. तेच मी जरा कडक भाषेत म्हटलं. "काकाजी, हे जे भिंतीवर लटकवलं, ते सगळं तुम्ही पाहिलं, की काही नुसतं मानलं?"

ते माझ्याकडे पूर्ण वळले. बाजूने दिसत नसल्यामुळे त्यांना कुणाकडे बघायचं तर पूर्ण वळावं लागे, आणि त्यामुळे त्यांचा राग दुप्पट मोठा दिसे.

"घरी जा," ते म्हणाले.

मी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रे भरत होते तेव्हा फोन आला. "येजो. आरसा घेऊन येजो."

"कशाचा आरसा?"

"तोंड पाह्याचा! लहान. हातातला."

माझ्याकडे तसला आरसा नव्हता. कामावरच्या एका मुलीच्या पर्समधला मागून नेला. शेडवर पोचले तर मिस्त्र्यांनी प्लग काढून एका ओळीत मांडले होते. इतके दिवस इंजिन चाललं होतं, त्यामुळे नव्या प्लगांना आता रंग धरला होता. मागचे दोन भाजलेल्या विटेसारखे, पुढचे दोन पांढुरके.

"पांढरा प्लग म्हनजे त्या घरात हवा जास्त चालली," ते म्हणाले. "चोरून. मॅनिफोल्डातून."

"पण ते तर पाहिलं होतं."

"वरून पाहिलं होतं. खालून..." ते थांबले. "खालची कड दिसाले वाकडी मान करा लागते, आन वाकड्या मानेनं मले काई दिसत नाई. मंग मी म्हनलं, मायाच हातचं पॅकिंग हाय, ठीकच असन. पाहिलं नाई. मानलं."

एवढं बोलून त्यांनी तेलाची कुपी उचलली. "मी तेल सोडतो. तू आरशात पाह्य."

प्लग परत बसवून त्यांनी इंजिन चालू केलं. मी मॅनिफोल्डच्या खाली आरसा धरून गुडघ्यांवर बसले. त्यांनी कुपीची लांब चोच चाचपत खालच्या कडेशी नेली. आरशात मला तेलाची एक धार सांध्यावरून सरकताना दिसली आणि एका जागी ती एकदम आत ओढली गेली, तोंडाने चहा भुरकावा तशी. त्याच क्षणी इंजिन गप्प झालं. बंद नाही, सरळ. थरथर गेली आणि एक श्वासभर ते मऊ, एकसारखं चाललं. मग तेल जळून खालून धूर आला आणि पुन्हा हुडहुडी.

"दिसलं?" ते ओरडले.

"दिसलं!"

"मले ऐकू आलं," ते म्हणाले, आणि स्विच बंद केला.

इंजिन थंड झाल्यावर मॅनिफोल्ड उतरवलं. सांध्यातून हवा शिरू नये म्हणून मध्ये घातलेलं पॅकिंग सोडवलं. ते त्यांनी स्वतः शीटवर हातोडी ठोकून कापलेलं होतं, सुरेख. त्याच्या मागच्या बाजूला, खालच्या कडेला एक लहानसा खळगा पडला होता आणि त्यात काहीतरी चिकटलेलं होतं. चपटं, तपकिरी, एका टोकाला लालसर. मी नखाने सोडवून तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा होता.

टिळा लावताना कुंकवात भिजलेली एक अक्षता बाजूला घसरून सांध्याच्या कडेला चिकटली होती. नजर धड असलेल्या माणसाने ती पुसून काढली असती. त्यांना ती दिसली नव्हती, कारण ती बाजूला होती.

मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, "काकाजी, फुंकून टाका. नवं पॅकिंग लावा. गाडी सरळ झाली की विषय संपला."

त्यांनी दाणा माझ्या हातावरून उचलला, डोळ्यांसमोर अगदी जवळ धरून पाहिला, आणि काडेपेटी रिकामी करून तिच्यात ठेवला. काडेपेटी खिशात गेली. "आधी गाडी," ते म्हणाले.

नवं पॅकिंग बसवण्याआधी त्यांनी मला इंजिनाची ती कड बोटांनी चाचपायला लावली आणि माझ्या तोंडून "साफ" असं वदवून घेतलं. टिळा याही वेळी लावला. अक्षता लावल्या नाहीत. "त्या नवरदेवासाठी ठेव," म्हणाले. इंजिन चालू केलं, पेला भरून ठेवला. पाणी असं उभं राहिलं की त्यात शेडचं टिन दिसत होतं. मी आनंदाने काहीतरी बोलले. ते पेल्यातलं पाणी पिऊन टाकून हात धुवायला गेले.

पिपरी मेघेची वरात मोठी होती. नाचणारे दमायला तयार नव्हते. गाडी मी चालवत होते, आणि मिस्त्री उजव्या मडगार्डवर हात ठेवून पायी चालत होते. गाडीत बसा म्हटलं तर म्हणाले, "आत बसून काय समजते?" मुलीकडच्यांनी त्यांना मुलाकडचे कुणी मानाचे आजोबा समजून फेटा बांधला. मुलाकडच्यांनी मुलीकडचे समजून पेढा दिला. त्यांनी दोन्ही घेतलं. दिनेशही आला होता. पैज होती म्हणून आला असेल, पण सगळी वाट तो बापाच्या उजव्या हाताला चालत राहिला आणि त्या बाजूने येणारी माणसं, सायकली, नाचणारी पोरं कोपराने दूर करत राहिला. बापाला ते दिसत नव्हतं. मला काचेतून दिसत होतं.

गाडी एकदाही बंद पडली नाही. मंगल कार्यालयासमोर नवरदेव उतरला, तेव्हाही इंजिन त्याच संथ चालीने सुरू होतं.

बँड थांबल्यावर दिनेश म्हणाला, "जिंकले बाबा. मी विषय काढणार नाही." त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं; खरं तर त्याला थोडा आनंदच झाला होता.

मिस्त्र्यांनी फेटा काढून काखेत घेतला. खिशातून काडेपेटी काढली आणि उघडून त्याच्यासमोर धरली. "हे पाह्य."

"काय आहे?"

"मी इंजनात ठेवलं होतं. दिसलं नाई मले." मग सगळं सांगितलं, तेल, आरसा, प्लग, क्रमाने.

दिनेश म्हणाला, "अहो, सापडलं ना पण. तुम्हीच शोधलं. एवढ्याशा तांदळासाठी काय..."

"आज तांदूळ होता," ते म्हणाले. "इंजन थरथरलं, कोनाचं काई गेलं नाई. उद्या ब्रेकचा पिन राहीन. लोकं गाडीत बायका-पोरं बसवतेत." त्यांनी कमरेची किल्ली सोडली. "गाडी बंद पडली असती तर मी तुले शिव्या देत देत ही देली असती. आता मायी मी देऊन राह्यलो. घे."

दिनेशने किल्ली घेतली नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मी काही बोलेन. त्यांचं म्हणणं खरं होतं. मीच त्यांच्या हातातून किल्ली घेऊन दिनेशच्या हातावर ठेवली. कुणीतरी ठेवायला हवी होती.

त्यानंतर त्यांनी नवी गाडी दुरुस्तीला घेतली नाही. शेडात उभ्या होत्या त्या पूर्ण केल्या. शेवटची तपासणी दुसऱ्या एका मिस्त्र्याला बोलावून, त्याला समोर वाकायला लावून करायचे, आणि तो "ठीक आहे" म्हणाला की विचारायचे, "पाहिलं का मानलं?" माझा तो प्रश्न त्यांनी असा उचलला की पुढे सिंदीतले सगळे तो त्यांचाच समजू लागले. मी हक्क सांगितला नाही.

मधल्या दिवसांत त्यांनी मला माझ्या गाडीचा स्लो लावायला शिकवलं. मी म्हटलं, मला वेळ नाही. ते म्हणाले, "वरातीत बंद पडली तर तिथं वेळ राहीन का?" खुर्ची टाकून, पाठ माझ्याकडे करून ते बसायचे आणि मी पेचकस फिरवायची. फिरवणं जास्त झालं की पाठमोरेच म्हणायचे, "मागे ये. अजून. आता हात काढ." हात काढायचा म्हणजे खरंच काढायचा, उगाच अजून थोडं फिरवून पाहायचं नाही. ही गोष्ट मला गाडीपेक्षा रोपवाटिकेत जास्त कामी आली. आता दर हंगामाआधी मी स्वतः प्लग काढते, रंग पाहते, मॅनिफोल्डखाली आरसा धरते. कार्यालयाबाहेरचे ड्रायव्हर गंमत बघत उभे राहतात. राहू देत.

मिस्त्री पुढे नागपूरलाच गेले, झोपेत, फार त्रास न होता. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी जाऊन आले. दिनेशच्या घरी टीव्ही होता, पण त्याच्यासमोर ते कधी बसले नाहीत, असं सुनेने सांगितलं; सोसायटीतल्या लोकांच्या स्कूटरी बघत खालीच असायचे.

शेड रिकामं झालं तेव्हा त्यांना नागपूरला पोचवलं होतं मीच. सामान फार नव्हतं. दिनेश मोटारसायकलने पुढे गेला होता, आणि मिस्त्री माझ्या शेजारी, त्यांनीच बांधलेल्या इंजिनामागे पहिल्यांदाच प्रवासी म्हणून बसले होते. गाव सुटायच्या आधीच रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी यायची होती. दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर, ऑटो, मोटारसायकली थांबल्या. मी गाडी न्यूट्रलला टाकली आणि इंजिन चालूच ठेवलं. मुद्दाम. इतकं मऊ चाललं होतं की आमच्या मागचा ऑटोवाला उतरून विचारायला आला, बंद पडली का म्हणून. मी शेजारी पाहिलं. ते समोर फाटकाकडे बघत होते. आता काहीतरी म्हणतील असं मला वाटलं, आणि ते म्हणालेच.

"बंद कर वं. पेट्रोल काऊन जाळून राह्यली?"

मी बंद केलं. गाडी येऊन गेली, लांबलचक, कोळशाची. फाटक वर जायला लागलं आणि माझा हात किल्लीवर थोडा अडखळला.

"लाव ना," ते म्हणाले. "लागते."

लागली.